शरीरानं निरोगी

(जालना, निजाम सरकारचा अंमल, १९३७ सालचा चातुर्मास संपत आलेला. अमृतलाल सेठांच्या घरातली मागची खोली, दाराला आतून कडी. घरातल्या सगळ्यांची, म्हणजे सासरे बाबूजी, सासू माँसा आणि नवरा दीपचंद यांची, समजूत अशी की धाकटी सून संतोषबाई सामायिकाला बसली आहे, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांच्या धर्मध्यानाला. रेतीची घडी रिकामी होईपर्यंत तिला हाक मारणं म्हणजे पाप. खरी गोष्ट अशी की ती जमिनीवर उताणी पडली आहे, आणि तिच्या शेजारी घरात पाणी भरणारी गोजरबाईसुद्धा.)

गोजरबाई : अंगठा सोडला म्हणता, पर तो गेला कुठं? हाय तिथंच हाय माझा.

संतोषबाई : बोलू नकोस. उजव्या पायाचा अंगठा. त्याला मनातल्या मनात सांग, आता तुझं काही काम नाही. मग बाकीची बोटं. मग तळवा.

गोजरबाई : तळव्याला काम न्हाई म्हणून सांगितलं, तर संध्याकाळी मला घरी कोण नेईल?

संतोषबाई : हसवू नकोस गं. हसलं की पोट आवळतं आणि परत पहिल्यापासून करावं लागतं. श्वास आत येताना काहीच करायचं नाही, आपला आपण येऊ द्यायचा. बाहेर जाताना पोटरी सोडायची. ओलं लुगडं दोरीवरून घसरतं, तशी.

गोजरबाई : सोडली.

संतोषबाई : नाही सोडली. गोळा दिसतोय मला इथून.

गोजरबाई : त्यो गोळा माझ्या थोरल्या नातीच्या उमरीचा हाय, भाभी. एका दुपारी कसा जाईल?

संतोषबाई : माझाही एका दुपारी गेला नाही. चल, मांडी. मग कंबर. कंबर जमिनीला टेकू दे, उचलून धरू नकोस, जमीन धरते तिला. आता खांदे. जबडा सैल. जीभसुद्धा सोडायची, टाळूला चिकटवून ठेवायची नाही.

गोजरबाई : जीभ सोड म्हणून मला आजवर कुणी सांगितलं न्हाई. आवर म्हणूनच सांगत्यात.

संतोषबाई : डोळे मीट.

गोजरबाई : मिटले की हौद दिसतो. रिकामा. मला न्हाई जमायचं हे. तुमच्या दाराला कडी हाय. मी माझ्या घरात दिवसाढवळ्या अशी पडले, तर शेजारीण धावत येऊन तोंडात पाणी घालंल.

संतोषबाई : ही कडी मलाही आयती नाही मिळाली.

गोजरबाई : त्ये माहीत हाय मला. तुमच्या दुखण्याचे पहिले दिस मी बघितले. उंबऱ्याला धरून उठत व्हत्या.

संतोषबाई : दुसऱ्या बाळंतपणात लागलं ते. मूल गेलं, दुखणं राहिलं. मानेपासून टाचेपर्यंत. सकाळी उठले की रात्रभर खडी फोडली असं अंग. आणि थकवा किती, तर पोळीचा घास चावायचासुद्धा कंटाळा यायचा. वैद्यबुवा म्हणाले वात आहे, महिन्यात जाईल. महिन्यानं म्हणाले, गेला. हकीमसाहेबांनी पडद्याआडून नाडी बघितली आणि म्हणाले, बिलकुल ठीक आहे. मग बाबूजींनी एवढा खर्चा करून हैदराबादेहून डाक्टर आणला. त्यानं नळी लावली आणि सांगितलं, हिला काही झालेलं नाही. माँसा म्हणाल्या, ऐकलंस? तिथून पुढं पाच वर्षं तेवढंच. कण्हले की, ऐकलंस ना डाक्टर काय म्हणाले.

गोजरबाई : मी राजूरच्या गणपतीला तुमच्यासाठी नारळ बोलले व्हते.

संतोषबाई : फोडलास का?

गोजरबाई : तुम्ही चालाय-फिराय लागल्या तवा फोडला. गणपतीचंच काम म्हणून धरलं मी. मला काय ठाव, तुम्ही हितं कडी लावून अंगठे सोडून राह्यल्या.

संतोषबाई : गणपतीचं नव्हे, महासतीजींचं. यंदाच्या नव्हेत, दोन वर्षांपूर्वी चातुर्मासाला इथं होत्या त्या म्हाताऱ्या साध्वी. मी वंदनेला वाकले आणि मला परत उठता येईना. बाकीच्या बायका गेल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं. म्हणाल्या, माझे गुडघे बावीस वर्षं दुखतात, बेटा. काउसग्ग कर. काया सोडायला शीक. दुखणं जाणार नाही, पण तू रात्रंदिवस त्याच्याशी झटापट करतेस ना, ती थांबेल. निम्मा थकवा त्या झटापटीचाच असतो.

गोजरबाई : खरं निघालं?

संतोषबाई : खरं निघालं. पण सून दुपारी अंग सैल सोडून पडणार, हे कुठल्या घरात चालतं? सामायिक मात्र चालतं. त्या वेळात सासरासुद्धा हाक मारत नाही. मग मी रोज तीन सामायिकं धरली. तोंडाला मुखपत्ती बांधते, घडी उलटी करते आणि आडवी होते. माळ हातातसुद्धा घेत नाही. त्याचं वाईट वाटतं मला. पण उठते तेव्हा हात वर जातो, त्याचं इतकं बरं वाटतं की वाईट वाटलेलं विसरते.

गोजरबाई : भाभी, मी हितं पडायला आले न्हवते. सांगायला आल्ते. तुम्ही मला बघितलं आन् एकदम खालीच निजवलं.

संतोषबाई : कमरेला हात लावून आलीस. काय सांगायचंय?

गोजरबाई : बसून ऐका.

संतोषबाई : बसायला वेळ लागतो मला. सांग.

गोजरबाई : काल बैठकीत तुमच्या जैन संघाची पाच माणसं आल्ती. मी पाण्याचे लोटे ठेवून राह्यले व्हते. मोठे सेठ म्हणले, माझ्या सुनेनं काया सोडली. दोन साल बघून राह्यलो, तीन तीन टायम बसती, सुई टोचली तरी हलायची न्हाई. असं वैराग्य घरात ठेवायचं नसतं. तिला दीक्षेची परवानगी देतो.

संतोषबाई : कुणाला?

गोजरबाई : तुम्हाला, भाभी. साध्वी करायचं म्हणत्यात. मार्गशीर्षात. हत्तीवरून मिरवणूक काढायची का घोड्यावरून, हितपर्यंत बोलणं झालं.

संतोषबाई : मला कुणी विचारलं नाही.

गोजरबाई : एकानं इचारलं ना, सुनेची मर्जी हाय का म्हणून. मोठे सेठ म्हणले, ती रोज तीनदा सांगूनच राह्यली. आणखी काय इचारायचं?

संतोषबाई : आणि हे? हे काय म्हणाले?

गोजरबाई : धाकले सेठ मान खाली घालून बसल्ते. मंग म्हणले, मी आडवा येणार न्हाई. त्ये म्हणल्यावर मंग परतूरच्या पोरीचं निघालं.

संतोषबाई : कुठली पोर?

गोजरबाई : तुमच्याच समाजाची हाय. सोळा सालाची. तुम्ही गेल्यावर... दार वाजलं. त्येच असत्याल. मी मागच्या दारानं आडावर जाते. पदर नीट करा, पाठीला माती लागली.

दीपचंद : पारलं का सामायिक? संपलं ना?

संतोषबाई : पारलं. या आत.

दीपचंद : नको, उंबऱ्याबाहेरच बरा आहे. माँसांनी सांगितलंय, आजपासून या खोलीत पाय ठेवायचा नाही. आणि तुम्हाला तू म्हणायचं नाही.

संतोषबाई : मला तुम्ही?

दीपचंद : सवय करतोय. पुढं वंदनाच करायची आहे तुम्हाला.

संतोषबाई : बारा वर्षं तू होते. आज सकाळी चहा आणला तेव्हासुद्धा तूच होते.

दीपचंद : म्हणजे कळलंय तुम्हाला. बरं झालं, माझी जीभ उचलत नव्हती. बघा, मी मोठा माणूस नाही. मला रोज दुकान दिसतं, भाव दिसतो. पण या बंद दारासमोरून जाताना मला लाज वाटायची. वाटायचं, आत एक जीव मोकळा होऊन राहिला आहे आणि मी त्याच्या पायात अडकलेली दोरी आहे. म्हणून मी हो म्हणालो.

संतोषबाई : मला दीक्षा घ्यायची नाही.

दीपचंद : हेही होणार, असं यंदाच्या महासतीजी म्हणाल्या होत्या. घर सुटायची वेळ आली की मोह एकदा मागे ओढतोच.

संतोषबाई : मोह नाही. मी धर्मासाठी कडी लावत नव्हते. माझं अंग दुखतं म्हणून लावत होते.

दीपचंद : ते तर कधीच बरं झालं.

संतोषबाई : बरं नाही झालं. मला त्याच्यासोबत राहायची एक रीत सापडली, एवढंच. मी बसत नव्हते, पडत होते. एकेक अवयव सैल सोडत होते, टाचेपासून डोक्यापर्यंत. म्हणून संध्याकाळी तुम्हाला गरम पोळी मिळत होती. त्यात दुसरं काही नव्हतं.

दीपचंद : पडत होतीस?

संतोषबाई : हो.

दीपचंद : माझी आई दोन वर्षं या चौकात मोठ्यानं खोकली नाही. बाबूजी पाहुण्यांना हळू बोला म्हणून हात करायचे. आणि तू आत झोपत होतीस.

संतोषबाई : झोप नव्हे ती. पण असू दे. मला एक सांगा, मी दारातून म्हटलं असतं, की माझं अंग दुखतं, मी दुपारी घडीभर पडते, तर?

दीपचंद : तर काय? घरची सून दिवसा पडून कशी राहील?

संतोषबाई : म्हणून कडी लावली.

दीपचंद : आता हे बोलून उपयोग नाही. संघात शब्द गेलाय.

संतोषबाई : साध्वी काय करतात, बघितलंय ना तुम्ही? रोज आठ-दहा मैल अनवाणी चालायचं, आपलं ओझं आपल्या खांद्यावर. उन्हात दारोदार गोचरीला, भिक्षा मागायला जायचं. वर्षातून दोनदा डोक्याचे केस हातानं उपटायचे. आठवड्यातले चार दिवस माझी वेणी गोजरबाई घालते, कारण माझा हात तिथवर पोचत नाही. बदनापूर येईस्तोवर मी रस्त्यात बसेन.

दीपचंद : आजारी माणसाला दीक्षा देतच नाहीत. तसा नियम आहे.

संतोषबाई : मग सांगा ना त्यांना. आजारी आहे म्हणावं.

दीपचंद : विचारलं होतं महासतीजींनी. शरीरानं निरोगी आहे ना, म्हणून. बाबूजींनी बराबर तिघांची नावं सांगितली. वैद्यबुवा, हकीमसाहेब, हैदराबादचा डाक्टर. तिघांचं एकच म्हणणं, काही झालेलं नाही.

संतोषबाई : आणि तुम्ही काय सांगितलं?

दीपचंद : मी काय सांगणार? मी शेजारी होतो.

संतोषबाई : माझ्याही शेजारीच होतात. रात्र रात्र कण्हत होते मी. ते नाही सांगितलंत?

दीपचंद : पहिली पाच वर्षं कण्हत होतीस. नंतर नाही.

संतोषबाई : नंतर शिकले.

दीपचंद : ते मला कसं कळावं? तू गप्प झालीस, मी म्हटलं बरी झाली. कुणीही हेच म्हणेल.

संतोषबाई : परतूरच्या मुलीचं खरं आहे?

दीपचंद : बाबूजींनी बघितली.

संतोषबाई : तुम्ही नाही बघितली?

दीपचंद : बघितली. हे बघ, मला मूल नको का? तुझी दोन गेली, मी एक शब्द तरी बोललो का तुला?

संतोषबाई : नाही बोललात. मीही बोलत नाही. आणा तिला. मी स्वयंपाकघर तिच्या हाती देईन, तिची मुलं सांभाळीन. मला या खोलीत राहू द्या. एवढंच मागते. रस्त्यावर घालू नका.

दीपचंद : तिचे वडील सवतीवर मुलगी देत नाहीत.

संतोषबाई : हे मघाशी सांगायला हवं होतं. दोरी अन् मोकळा जीव कशाला मध्ये आणलात?

दीपचंद : तेही खरं आहे आणि हेही खरं आहे.

संतोषबाई : मी संघासमोर उभी राहून नाही म्हणेन. माझ्या मर्जीशिवाय दीक्षा देता येत नाही.

दीपचंद : म्हण. पौर्णिमेला संघ बसेल, अजून चार दिवस आहेत. महासतीजी स्वतः तुला बघून विचारणार आहेत. काय सांगशील? दोन वर्षं मुखपत्ती बांधून सोंग केलं? तुझ्या भावाला त्या दिवशी बोलावलंय. त्याच्यासमोर सांगशील?

संतोषबाई : दुखतं म्हणून सांगेन.

दीपचंद : तीन जाणते एकीकडे आणि तू एकटी एकीकडे. घराला विचारतील. घर काय म्हणणार? दोन वर्षांत या घरात तुला कण्हताना कुणी ऐकलंय? मोलकरणीला विचार, तीसुद्धा नाही म्हणेल.

संतोषबाई : नाही ऐकलं कुणी. ते मात्र खरं.

दीपचंद : मग? शांत हो. उद्या माँसा मेंदी भिजवणार आहेत तुझ्यासाठी. तुमच्यासाठी. येतो मी.

गोजरबाई : गेले का? मी आडावरून बघून राह्यले व्हते. उंबऱ्यालाच हात जोडून गेले, जसं काय देऊळ हाय.

संतोषबाई : तुला सगळं ऐकू आलं?

गोजरबाई : निम्मं. आता रडा घडीभर. मी दारात उभी राहाते.

संतोषबाई : रडायला वेळ नाही. चारच दिवस आहेत. ऐक, आजपासून मी कडी लावणार नाही. सकाळी नाही, दुपारी नाही, संध्याकाळीही नाही. काया सोडणं बंद.

गोजरबाई : आन् दुखणं?

संतोषबाई : येऊ दे. मला माहीत आहे ते कसं येतं. उद्या मान आवळेल. परवा पाठ धरेल. मग हात थरथरायला लागतात, ताटलीसुद्धा धरवत नाही. पौर्णिमेला मला दोघींनी धरून उभं करावं लागेल. तशीच जाणार मी महासतीजींसमोर. त्यांनी बघून विचारायचं ठरवलंय ना? मग बघू देत.

गोजरबाई : दोन साल लावून उतरवलेलं चार दिसात परत अंगावर घ्यायचं? असलं कुणी करतं का?

संतोषबाई : बरी राहिले तर घालवतात. काय करू, तूच सांग. मी गप्प राहिले हीच चूक झाली. मला वाटलं, दुखणं लपलं की घर सुखात राहील. घर सुखात राहिलं आणि मला विसरलं. मला आता या घराचा राग येतो, गोजरबाई. इतका येतो की आत्ताच मान दुखायला लागली.

गोजरबाई : भाभी, पाणी पिऊन घ्या.

संतोषबाई : पाण्याचंच म्हणते. दोर इकडं दे. संध्याकाळचं पाणी मी ओढते.

गोजरबाई : तुम्ही? हात तर वर जात न्हाई तुमचा.

संतोषबाई : म्हणूनच. माँसा ओसरीवर माळ घेऊन बसल्या आहेत. बाबूजींच्या बैठकीचं दार उघडं आहे, दोन पाहुणे आहेत आत. सगळ्यांच्या देखत ओढते. तिसऱ्या कळशीला माझा खांदा निखळल्यासारखा होईल, तेव्हा दाबणार नाही मी, चांगली मोठ्यानं कण्हेन. एकदा नजरेला पडलं की कुणाला नाही म्हणता येणार नाही. दे ना दोर. अशी काय बघतेस?

गोजरबाई : देते. पर एक सांगू का? राग नका मानू.

संतोषबाई : सांग.

गोजरबाई : ह्याच आडावर मी रोजच्या तीस कळशा ओढून राह्यले. कंबर धरती, मधीच बसते, कण्हते बी. माँसा ओसरीवरच असत्यात. बैठकीचं दारबी उघडंच असतं. आठ साल झाले, तिकडून कुणी मान वर करून बघितलं न्हाई. घ्या दोर.